बैलाचा खांदा मळता, तुमच्या खांद्याचे काय?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही बैलाची खांदेमळण करता. त्याला धुऊन काढता, जू बसते ती जागा हळद आणि तुपाने मळता, उद्या जेवायला या म्हणून आवतण देता. वर्षभर ज्या खांद्याने ओढले त्याला एक दिवस तरी मायेचा हात लागावा, ही त्यामागची भावना. पोळा सोडाच, एरवीही बैलाचा खांदा सुजला तर शहाणा शेतकरी त्याला जू लावीत नाही. सावड करील, शेजाऱ्याचा बैल मागून आणील, पेरा दोन दिवस मागे पडला तरी चालवून घेईल. सुजल्या खांद्याचा बैल औताला धरला तर तो कायमचा वाया जातो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

तोच शेतकरी स्वत:चा खांदा दुखावला की काय करतो? झेंडू बाम चोळतो, मेडिकलवरून दोन गोळ्या आणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कट्टे उचलायला जातो. महिन्याने हात डोक्यापर्यंत जाईनासा झाला की मग धावपळ सुरू होते. त्या वेळी पाच माणसे पाच सल्ले देतात. आजचा लेख त्या पाच सल्ल्यांतून कोणता घ्यायचा, याविषयी आहे.

समजा, तुम्ही पालीचे आहात. बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की दहा-बारा किलोमीटरवर, बिंदुसरा तलावाच्या कडेचे हे गाव. पुढे मांजरसुंब्याचा घाट. दसरा तोंडावर आला आहे, सोयाबीन निघाले आहे. ट्रॉलीत कट्टा टाकताना पाय घसरला आणि तुम्ही उजव्या हातावर पडलात. खांद्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे अंधारी आली. महिन्याभरात टोळी निघणार आहे आणि मुकादमाची उचल घेऊन ती घराच्या पत्र्यात घातलेली आहे.

घरी आल्यावर थोरला भाऊ म्हणतो, "फोटोला कशाला पैसे घालतो? चल हाडवैद्याकडं, एका झटक्यात बसवतो." घरधनीण म्हणते, "अहो, आधी बीडला जाऊन फोटो काढून या, मग काय ते बघू." आणि तासाभराने मुकादमाचा फोन येतो, "दाजी, कोयता चालतो का नाही, ते आत्ताच सांगा. मला दुसरा बघावा लागंल."

तिघांचेही आपापल्या परीने बरोबर आहे. पण क्रम चुकला की खांदा गेला.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी एकच प्रश्न सोडवायचा असतो. खांदा निखळला आहे का, हाड मोडले आहे का, की आतला मुका मार आहे? याचे उत्तर डोळ्यांनी थोडेफार कळते, नक्की मात्र एक्स-रेनेच कळते.

निखळलेला खांदा ओळखायची खूण अशी, की खांद्याची गोलाई जाते. अंगरखा काढून दोन्ही खांदे शेजारी शेजारी पाहा. चांगला खांदा गोल दिसतो, निखळलेला चौकोनी, कोपरा निघाल्यासारखा दिसतो. हात अंगापासून थोडा दूर राहतो आणि दुखऱ्या हाताचा पंजा समोरच्या खांद्यावर टेकवता येत नाही. शंभरातल्या नव्वदाहून अधिक वेळा हाडाचा गोळा पुढच्या बाजूला सरकतो. क्वचित तो मागे सरकतो. फिट येऊन पडलेल्या किंवा विजेचा झटका बसलेल्या माणसात हे घडते आणि साध्या नजरेला कळत नाही. मोटारीच्या पेटीला हात लागून शॉक बसला आणि नंतर हात बाहेरच्या बाजूला वळत नसेल, तर डॉक्टरला शॉकची गोष्ट आवर्जून सांगा. नाहीतर फोटो पाहूनही ते निसटण्याचा संभव असतो.

अशा वेळी करायचे ते फार थोडे आहे. हात ज्या स्थितीत कमी दुखतो त्याच स्थितीत उपरण्याची झोळी करून गळ्यात अडकवा. बोटातली अंगठी, मनगटातले कडे, बाईमाणूस असेल तर त्या हातातल्या बांगड्या लगेच काढा. सूज चढल्यावर त्या निघत नाहीत, कापाव्या लागतात. मनगटाची नाडी लागते का, बोटे हलतात का, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे देवीची लस टोचत त्या जागेवर, स्पर्श कळतो का हे पाहा. तिथे बधिरपणा असेल तर खांद्याजवळून जाणारी नस ताणली गेलेली असते. ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारते. पण ती खांदा बसवण्याच्या आधीच दुखावली होती की नंतर, हे केसपेपरवर लिहिलेले असावे. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावा. गरम तेल चोळू नका, विटेचा शेक देऊ नका. पहिले दोन-तीन दिवस शेकाने सूज वाढते. आणि दवाखान्यात जाईपर्यंत भरपेट जेवू नका, कारण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामे लागते.

ओढून मात्र कोणालाही देऊ नका. भावालाही नाही, आणि तालमीतल्या वस्तादालाही नाही.

हाडवैद्याचे खरेखोटे

इथे हाडवैद्याला नुसती नावे ठेवून चालणार नाही. आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या हाडे बसवणारी घराणी आहेत आणि लोक तिथे जातात ते काही अडाणीपणाने नव्हे. तो जवळ असतो, पैसे थोडे घेतो, नंबर लावावा लागत नाही आणि बोलतो आपल्या भाषेत. शिवाय विद्या काही आजची नाही. सुश्रुत संहितेत निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार दिले आहेत. खांदा निखळला तर काखेत मुसळ देऊन तो वर उचलावा आणि जागेवर आला की स्वस्तिक बंध बांधावा, असे तिथे सांगितले आहे. ग्रीसच्या हिपोक्रेटिसच्या परंपरेत काखेत टाच देऊन हात ओढायची रीत होती. स्वित्झर्लंडचे शल्यवैद्य कोखर यांनी १८७० मध्ये हात ठरावीक दिशेने वळवत सांधा बसवण्याची पद्धत मांडली. म्हणजे ओढणे-वळवणे सगळीकडे आहेच. दवाखान्यातला डॉक्टरही शेवटी हातानेच बसवतो.

मग फरक कुठे पडतो? ओढण्याच्या आधी काय पाहिले, यात. खांदा निखळताना शेजारच्या हाडाचा टवका उडालेला असतो, कधी दंडाचे हाड मानेपाशी मोडलेले असते. फोटो न काढता ओढले तर त्या मोडीचे दोन तुकडे होतात आणि जो खांदा हाताने बसला असता त्याला शस्त्रक्रिया लागते. दुसरे असे, की दवाखान्यात भूल किंवा स्नायू सैल करणारे औषध देऊन सांधा अलगद बसवतात. गावात चार माणसे धरून बसवतात. तिसरे, बसवल्यानंतर पुन्हा फोटो काढून तो खरेच बसला का हे पाहतात.

आणि शेवटचे म्हणजे बांधणे. कामट्या लावून, लेप घालून करकचून बांधलेल्या पट्टीखाली रक्त अडून हात काळा पडल्याची, बोटे कापावी लागल्याची उदाहरणे हाडांच्या प्रत्येक मोठ्या दवाखान्याला माहीत असतात. गंमत पाहा, सुश्रुताने हेही सांगून ठेवले आहे की पट्टी सैल असली तर सांधा ठरत नाही आणि फार घट्ट असली तर सूज व ठणका वाढतो, म्हणून बेताची बांधावी. म्हणजे करकचून बांधणारा आपल्याच शास्त्राला सोडून वागतो. हाडवैद्याने बांधले असेल आणि बोटे थंड पडली, निळसर झाली, मुंग्या येऊ लागल्या, तर पट्टी त्याच क्षणी सोडा, रात्र असली तरी. वैद्यबुवा रागावतील याची काळजी करू नका.

वेळेचेही एक गणित आहे. पहिल्या काही तासांत खांदा सहज बसतो. दिवस लोटले की स्नायू आखडतात. तीन आठवड्यांच्या पुढे गेलेला निखळलेला खांदा बाहेरून ओढून बसवणे धोक्याचे होते. म्हातारपणी रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात, ओढण्यात त्या फाटूही शकतात. अशा जुन्या खांद्याला बहुधा उघडून बसवावे लागते. "आठ दिवस लेप लावून बघू" या वाक्याची किंमत ही अशी आहे.

फोटो नॉर्मल आला, तरी हात उचलत नाही

आता समजा तुम्ही घरधनिणीचे ऐकले, बीडला गेलात, फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "हाड मोडलेले नाही, सांधा जागेवर आहे." जीव भांड्यात पडला. पण पंधरा दिवस झाले, झोळी सुटली, तरी हात वर जात नाही. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. सदऱ्याची बाही घालायची तर दुसऱ्याला बोलवावे लागते. इथे बहुतेक लोक फसतात. फोटोत हाड दिसते, शिरा-स्नायू दिसत नाहीत. "फोटो नॉर्मल" याचा अर्थ "खांदा नॉर्मल" असा होत नाही.

खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला चेंडू समजा. बशी उथळ, चेंडू मोठा. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच निखळतो. त्या चेंडूला चार स्नायूंचे पट्टे चहूबाजूंनी धरून ठेवतात, गाडीच्या भाराला चऱ्हाट आवळावे तसे. पडल्यावर यातला एखादा पट्टा हाडापासून तुटतो. वयाच्या चाळिशीनंतर खांदा निखळला तर पुन्हा निखळण्याची भीती कमी असते, पण हा पट्टा तुटल्याची शक्यता बरीच असते.

घरच्या घरी एक पारख करून पाहा. तुमचा दुखरा हात दुसऱ्याने हलक्या हाताने वर उचलावा. दुसऱ्याने उचलला तर वर जातो, पण सोडला की धपकन खाली येतो, तुम्हाला धरून ठेवता येत नाही, असे असेल तर पट्टा तुटल्याचा संशय घ्या. आणि तुम्ही उचला की दुसऱ्याने उचला, एका ठरावीक उंचीला हात अडकतोच, असे असेल तर सांधा आखडला आहे. या दोन दुखण्यांचे उपचार वेगळे आहेत. दोघांनाही आपण सरसकट "खांदा धरला" म्हणतो, आणि घोळ तिथेच होतो.

पट्टा तुटल्याचा संशय असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय लागते. आता नीट ऐका, कारण पैशाचा निर्णय या रिपोर्टवर होतो. तुटणे दोन तऱ्हेचे असते. चांगला चालता हात पडल्या दिवसापासून उचलेनासा झाला, तुम्ही कष्टाचे माणूस आहात आणि रिपोर्टमध्ये पूर्ण पट्टा तुटलेला आहे. तर हाडांच्या सर्जनला काही आठवड्यांच्या आत भेटले पाहिजे. तुटलेला स्नायू मागे ओढला जातो, वाळतो, त्यात चरबी भरते, आणि वर्षभराने शिवायला गेले तर टाका धरत नाही. तिथे "पट्टा पडल्यावर बघू" म्हणणे महागात पडते. उलट पडणे-झडणे काही नाही, वर्षानुवर्षे ओझे उचलून हळूहळू दुखायला लागले आणि एमआरआयवर झीज किंवा अर्धवट चीर दिसली, तर घाबरून जाऊ नका. साठीच्या पुढच्या कित्येक माणसांच्या खांद्यात अशी चीर असते आणि त्यांना काही त्रास नसतो. तिथे आधी तीन महिने नीट व्यायाम, मग शस्त्रक्रियेचा विचार, हाच रास्त क्रम.

सुरी लावायची का?

शस्त्रक्रियेने सगळे झटपट होते, असा आपल्याकडे समज आहे. दुर्बिणीतून केली म्हणजे तर फारच भारी. इंग्लंडमध्ये याचा एक मोठा पडताळा घेतला गेला आणि २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. हात वर करताना खांद्याच्या वरच्या हाडाखाली पट्टा घासून दुखतो, असे मानून ते हाड दुर्बिणीतून खरवडण्याची शस्त्रक्रिया तिकडे हजारो लोकांवर होत होती. तीनशे तेरा रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचे हाड खरवडले, दुसऱ्याच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, तिसऱ्याला काहीच केले नाही. खरवडलेल्यांत आणि नुसती दुर्बीण घातलेल्यांत फरक दिसला नाही. काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित बरे होते, पण तो फरक रुग्णाला जाणवावा एवढा नव्हता. म्हणजे गुण होता तो सुरीचा कमी आणि विश्रांती, व्यायाम, भरवसा यांचा जास्त. लक्षात घ्या, हे झीज-घासणीच्या दुखण्याबद्दल आहे. पडून पूर्ण तुटलेल्या पट्ट्याला हा निष्कर्ष लावू नका.

आपल्या जिल्ह्याला शस्त्रक्रियेच्या घाईचा धडा वेगळा सांगायला नको. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवी काढण्याचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कामाला खाडा पडू नये, एकदाची कटकट मिटावी, हे त्यामागचे एक मोठे कारण. खांदा आणि पिशवी यांची बरोबरी होत नाही, हे मान्य. पण "एकदाचं ऑपरेशन करून मोकळं व्हा" हे वाक्य कोणी म्हटले की आपण दचकले पाहिजे. खांद्याच्या बाबतीत तर ऑपरेशनने माणूस मोकळा होतच नाही. तो सहा महिने अडकतो.

कसा, ते सांगतो. पट्टा शिवल्यावर चार ते सहा आठवडे हात झोळीत. त्यानंतर हळूहळू हालचाल. हलकी कामे तीन महिन्यांनी. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रक चढायचा तर साधारण सहा महिने. मधला व्यायाम बुडाला तर शिवलेला खांदा आखडतो आणि ऑपरेशन करूनही हात जिथल्या तिथे. सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली; तो पुन्हा आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला सप्टेंबरमध्ये. त्याच्या दिमतीला उत्तम फिजिओ, खायला-प्यायला सगळे आणि मुकादम कोणी नाही. तरी इतके महिने लागले.

म्हणून ऑपरेशन ठरवताना सर्जनला चार गोष्टी सरळ विचारा. माझे तुटणे ताजे आहे की झिजेचे? तीन महिने व्यायाम करून पाहिला तर माझे काय नुकसान होईल? ऑपरेशननंतर ओझे कधी उचलता येईल? आणि नाहीच केले तर पाच वर्षांनी माझा हात कसा असेल? चांगला डॉक्टर या प्रश्नांना चिडत नाही. चिडला, तर दुसऱ्याचे मत घ्या.

तरुण पोरांचे मात्र वेगळे. विशी-पंचविशीच्या आत खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. कबड्डी खेळणारे, कुस्ती करणारे पोर दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा खांदा निखळवून आले, तर त्याला वारंवार बसवत राहण्यापेक्षा शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा. दर खेपेला बशीची कड झिजते. विहिरीत पोहताना खांदा निखळला तर काय होईल, याचाही विचार करा.

गळ्याखालचे आडवे हाड मोडले असेल, मोटारसायकलवरून पडल्यावर ते हमखास मोडते, तर बहुतेक वेळा नुसत्या झोळीने जुळते. तिथे थोडा उंचवटा राहतो, त्याने काम अडत नाही.

साखर आणि आखडलेला खांदा

चाळीस ते साठ वयात, फार लागलेले नसतानाही खांदा हळूहळू आखडत जातो. आधी रात्रभर ठणका, मग ठणका कमी पण हात बांधल्यासारखा, आणि मग सावकाश सुटत जाणे. एक ते तीन वर्षे हा खेळ चालतो. बायकांत जास्त आणि मधुमेहात तर फारच जास्त. कित्येकांना साखर आहे हे खांदा आखडल्यावर कळते. तेव्हा असा खांदा घेऊन दवाखान्यात जाल तर रक्तातली साखर तपासून घ्याच.

यावरही तिकडे २०२० मध्ये मोठा अभ्यास झाला. सांध्यात इंजेक्शन देऊन व्यायाम, भूल देऊन खांदा फिरवणे, आणि दुर्बिणीतून आतले आवरण सोडवणे, या तिन्हींची तुलना पाचशेवर रुग्णांत केली. वर्षाच्या शेवटी कोणताच उपचार दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. मग आपण आधी स्वस्तातला आणि कमी धोक्याचाच धरावा, नाही का? सांध्यातले स्टेरॉइडचे इंजेक्शन सुरुवातीच्या ठणक्याला चांगला उतार देते. ते हाडांच्या डॉक्टरकडूनच घ्यावे, वारंवार घेऊ नये, आणि साखरेच्या रुग्णाने पुढचे काही दिवस साखर वाढते हे ध्यानात ठेवावे.

व्यायामाला मशीन लागत नाही. बाजेच्या कडेला चांगला हात टेकून वाका, दुखरा हात विहिरीतल्या पोहऱ्यासारखा मोकळा सोडा आणि पुढे-मागे, गोल असा झुलवा. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढा. जिथे अडेल तिथे कोळशाने रेघ मारा आणि आठवड्याने पाहा रेघ किती वर गेली. आढ्याला कासरा टाकून एका हाताने ओढत दुसरा वर न्या. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीनदा. करताना थोडे दुखणारच. पण रात्रभर ठणका राहिला तर जास्त झाले असे समजा, दुसऱ्या दिवशी कमी करा. ताजा तुटलेला पट्टा किंवा नुकताच बसवलेला सांधा असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय यातले काही सुरू करू नका. आणि "शेतातल्या कामातच व्यायाम होतो" असे म्हणू नका. कामात चांगला हात जास्त चालतो आणि दुखरा आणखी आखडतो.

सुई मारून फडात

ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा खांदा म्हणजे दिवसाकाठी तीस-चाळीस किलोच्या कित्येक मोळ्या. दुखायला लागले की फडाजवळच्या गावातल्या डॉक्टरकडून सुई मारून घ्यायची आणि पुन्हा फड गाठायचा. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके चार-दोन दिवस ठीक. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन, रोज ही औषधे घेतली तर मूत्रपिंडाला इजा होते, जठराला व्रण पडतात, रक्तदाब वाढतो. शिवाय ठणका दबल्याने तुटका पट्टा आणखी तुटतो, ते कळतही नाही. कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्या तर घेऊच नका. त्यात स्टेरॉइड असण्याचा धोका असतो.

बायकांच्या खांद्याचा कोणी हिशेबच धरत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मोळी दोघांच्या डोक्यावर. घरी आल्यावर पाणी आणि भाकरी मात्र तिची एकटीची. तिचा खांदा दुखला की "तेल लाव, बरं वाटंल." सहा महिन्यांनी केस विंचरता येत नाहीत, चोळीची गाठ मागे बांधता येत नाही, तेव्हा कुठे दवाखाना आठवतो.

आणि एक गोष्ट. डावा खांदा हलवल्याशिवायही दुखतो, सोबत छातीत दाब, घाम, धाप आहे, तर तो खांद्याचा आजार नाही, हृदयाचा असू शकतो. तिथे बाम लावत बसू नका, १०८ ला फोन करा. खांदा लालगरम होऊन ताप भरणे, वजन उतरत जाणे, गाठ हाताला लागणे, यातही थांबायचे नाही. सांध्याचा क्षय आपल्याकडे अजून सापडतो.

पैशाची बाजू

सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत करण्याचा निर्णय झाला. बीडचे जिल्हा रुग्णालय त्यात येते. तेव्हा पहिल्या फोटोसाठी आणि सांधा बसवण्यासाठी खिसा पाहायची गरज नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे असल्याने तिथली फी आधी विचारून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पण योजनेत ठरलेल्या रुग्णालयात, ठरलेल्या शस्त्रक्रियाच बसतात. दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला गाठा आणि तुमचे ऑपरेशन यादीत आहे का, हे विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचे नाव जुळत नाही म्हणून अडलेली माणसे खूप. ग्रामपंचायतीने गावातल्या लोकांची ही कागदे सुगीच्या आधीच नीट करून ठेवली तर अर्धे काम होईल. ऊसतोड कामगारांची नोंद आणि ओळखपत्र यांचे कामही ग्रामसेवकाकडेच, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आहे. टोळ्या निघून गेल्यावर ते उरकण्यात अर्थ नाही.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून अपघाती मृत्यूला दोन लाख आणि एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास एक लाख मिळतात. नुसत्या दुखऱ्या खांद्याला त्यातून काही मिळत नाही. बुडालेली मजुरी कोणतीच योजना देत नाही. खरा खर्च तोच आहे आणि तो घरातच बसून ठरवावा लागतो.

म्हणून मुकादमाला आज काय सांगायचे? खोटे सांगून टोळीबरोबर गेलात आणि आठ दिवसांत फड सोडून परत आलात, तर खाडे तुमच्याच अंगावर बसतात आणि उचल फिटत नाही. त्यापेक्षा निघण्याआधी सरपंच किंवा दोन जाणती माणसे मध्ये घालून, केसपेपर दाखवून बोला. उचल पुढच्या हंगामावर टाकता येते का, या वर्षी भराईऐवजी हलके काम मिळते का, घरातला दुसरा कोयता पाठवता येतो का, हे मुद्दे आहेत. झिजेच्या चिरेचे ऑपरेशन करायचेच ठरले तर एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडल्याबरोबर करा, म्हणजे दिवाळीपर्यंत हात मोकळा होतो. ताजा तुटलेला पट्टा असेल तर हंगाम सोडून द्यावा लागेल. कठीण आहे, पण त्या हाताने पुढची वीस वर्षे काम करायचे आहे.

फोटो, केसपेपर आणि डिस्चार्जचा कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. फोटोची गुंडाळी करून आढ्यात खोचू नका. तो चिकटतो, मग दुसरा डॉक्टर नवा काढायला लावतो. पडलात ती तारीख पिशवीवरच पेनाने लिहून टाका. कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी पहिला प्रश्न तोच विचारतील.